मधुमेहात गोड नाश्ता: रव्याचा शिरा की खपलीची खीर?

सांगलीकडे खपली गहू सहज मिळतो, म्हणून हा पेच. शिरा पंधरा मिनिटांत होतो. पण बारीक रवा लवकर पचतो, वर वाटीला वाटी साखर. साखर निम्मी केली की शिरा कोरडा पडतो, तेव्हा अर्धी वाटी दूध-पाणी वाढवा.

खपली रात्रभर भिजवा, सकाळी कुकरला सहा-सात शिट्ट्या. तिच्यात तंतू जास्त, त्यामुळे रक्तातली साखर तुलनेने हळू चढते. शिजवून पार गिचका केला की तो फायदा घटतो. आणि गूळ? सेंद्रिय म्हणा, काकवी म्हणा, साखर चढतेच.

सणाला घाई असेल तर दोन चमचे शिरा, सोबत मटकीची उसळ. निवांत सकाळी अर्धी वाटी खीर, गूळ चमचाभरच. पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर तपासा. इन्सुलिनचा डोस मनाने वाढवू नका.