काशाची सहा ताटं : गौरीजेवणापासून गुढीपाडव्यापर्यंत वापरल्यावर

गौरींच्या आधी घेतलेल्या काशाच्या सहा ताटांनी आता गुढीपाडवाही पार पाडला. मधे दसरा, दिवाळीचा पाडवा, संक्रांत, भाचीचं केळवण आणि अधूनमधून रविवारची जेवणं. ताटं दिसायला सुंदर आहेत, त्यात वादच नाही. पण फोटो बघून कळत नाहीत अशा गोष्टी बऱ्याच आहेत.

आधी खरेदीचं. भाव किलोवर असतो. माझं १२ इंची ताट एकेक किलोच्या आसपास भरतं, वाट्या वेगळ्या, त्यामुळे बिल बघून घरात थोडी शांतता पसरली होती. कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण ७८ ला २२. पितळेत कथलाच्या जागी जस्त असतं आणि पितळी भांड्यात जेवायचं तर आतून कल्हई लागते. काशाला ती भानगड नाही. ओडिशातलं बालाकाटी, आसाममधलं सार्थेबारी ही या कामाची नावाजलेली गावं. हा धातू थंड असताना ठोकला तर तडकतो, म्हणून तापवून तापवून घडवावा लागतो. किंमत का चढते ते त्यावरून कळतं.

घेताना ताट पाच बोटांच्या टोकांवर तोलून चमच्याने टिचकी मारा. नाद लांबत जायला हवा, घंटा याच जातीच्या धातूची असते. माझ्या संचातली एक वाटी बद्द वाजली. ती बदलून मिळेपर्यंत नवरात्र उलटलं, आणि विक्रेत्याचं म्हणणं शेवटपर्यंत "सगळ्या सारख्याच आहेत" हेच.

आता मुख्य मुद्दा, पान वाढण्याचा. आपलं सणाचं ताट म्हणजे ठरलेला नकाशा. वर मधोमध मीठ, त्याच्या डाव्या हाताला लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, पंचामृत. उजवीकडे बटाट्याची भाजी, अळूचं फदफदं, वाटीत कटाची आमटी. मधे वरणभाताची मूद, खाली पुरणपोळी. बारा इंचांत हे सगळं बसतं, पण पोळी चारपदरी दुमडूनच. पापड-कुरडईला जागा उरत नाही, ते मी शेवटी हातात देते. आणखी मोठं ताट घ्यावं म्हणाल तर माझ्या सहा खुर्च्यांच्या टेबलावर समोरासमोरची ताटं एकमेकांना टेकतील.

आणि गंमत अशी की या नकाशातली डावी बाजूच काशाच्या मुळावर येते. ओलसर मीठ, लिंबाची फोड, लोणच्याचा खार, चिंचगुळाचं पंचामृत! पहिल्याच गौरीजेवणानंतर ताटांवर मिठाच्या जागी हिरवट टिपका आणि लिंबाच्या जागी फोडीच्या आकाराचा डाग उमटला होता. निघाला, पण घासून घासून. तेव्हापासून केळीचं पान ताटाच्या मापाने गोल कापून आत घालते. पान आधी गॅसवर किंचित शेकायचं, म्हणजे कडा चिरत नाही. दिसतंही झकास, पिवळ्या काठात हिरवं पान. पान मिळालं नाही तर मीठ-लिंबू-लोणच्यासाठी छोट्या स्टीलच्या मुदाळ्या ठेवते. मठ्ठा, सोलकढी, कोशिंबिरीचं दही काशात अजिबात ठेवत नाही. आंबट तासभर राहिलं की कळकतं, म्हणजे धातू उतरून बिघडतं, हे आजी सांगायची, त्यावर प्रयोग करून बघायची माझी हिंमत नाही. श्रीखंडही चिनी मातीच्या वाटीत.

ऊन आमटी वाढली की वाटीला हात लावता येत नाही, हे पाहुण्यांना आधीच सांगावं. तोंडाला लावून भुरका मारणारे काका केळवणाला आले होते. त्यांची वाटी हातातून सुटली, फरशीवर पडली आणि काठाला केसासारखी चीर गेली. कासं चेपत नाही, तडकतं. लहान मुलांच्या पानाला स्टीलचंच ताट द्या.

ही ताटं उभ्याने जेवायच्या कामाची नाहीत. दसऱ्याला माणसं जास्त होती म्हणून टेबलावर सगळं मांडलं आणि ज्याने त्याने वाढून घ्यावं असं ठरवलं. दहा मिनिटांत निम्म्या लोकांनी ताट मांडीवर नाहीतर खिडकीच्या कट्ट्यावर टेकवलं. भरलेलं ताट एका हातात पेलत नाही. तेव्हापासून काशाची ताटं काढली की बैठक सहा जणांचीच, पान आधी वाढून तयार आणि मी किंवा नवरा वाढायला. भात, वरण, त्यावर तूप पडेपर्यंत कोणी सुरू करायचं नाही. याचा फायदा मला अपेक्षित नव्हता : वाढणारा समोर उभा असला की आग्रह करता येतो, गप्पा एकाच टेबलावर राहतात आणि मोबाइल बाहेर येत नाहीत. मुलांची मात्र कुरकुर असते की पहिली पोळी यायला फार वेळ लागतो.

घासणं. डिशवॉशर नको, मायक्रोवेव्ह तर नाहीच. रोजच्या मळाला साधा साबण पुरतो, सणाआधी चिंचेचं पाणी किंवा पितांबरी. तारेची घासणी लावू नये. धुतल्याबरोबर कोरड्या पंच्याने पुसायचं, निथळत ठेवली तर पाण्याचे थेंब जसेच्या तसे उमटतात. आमच्या मावशींनी दिवाळीतच सांगून टाकलं, "ताई, ही तुमची तुम्ही घासा, नाहीतर मला भांड्यांचे पैसे वाढवून लागतील." मग सहा ताटं, बारा वाट्या रात्री अकराला आम्ही दोघं घासतो-पुसतो. ज्यांना हे नको त्यांनी स्टीलच्या ताटात केळीचं पान घालावं, निम्मी शोभा तिथेच येते.

पुन्हा घेतली असती का? घेतली असती, पण सहाच्या सहा वाट्यांच्या जोड्या नसत्या घेतल्या. माणशी एक काशाची वाटी आमटीला पुरे. उरलेल्या पैशात एक चांगलं जड तूपपात्र आलं असतं, कारण सध्या त्या ताटांमध्ये आमच्याकडे तूप येतं ते अजून स्टीलच्या डब्यातूनच.