बॅगेचे कुलूप आणि 'हमी कार्ड' : माझे १,०७,५६८ रुपये कसे गेले

हे लिहिताना मला लाज वाटते, कारण मी ३१ वर्षे खानापूर तालुक्यातील मराठी शाळांत गणित शिकवले आणि दुकानदाराने माझ्याकडून एक रुपया जास्त घेतला, असे कधी घडले नाही. तरीही बॅगेला लावायच्या दोन कुलपांपायी, विमानप्रवासात बॅगेतून झालेली चोरी आणि फसवणूक मिळून, माझे १,०७,५६८ रुपये गेले. आपल्या सीमाभागातील कितीतरी घरांतली मुले आखाती देशांत नोकरीला आहेत आणि त्यांना भेटायला जाणारे आईवडील बहुधा माझ्याच वयाचे असतात, म्हणून संकोच बाजूला ठेवून सगळे सांगते.

नातीच्या बारशासाठी दुबईला जायचे होते. बेळगावच्या बाजारात एका दुकानातून दोन बॅगा घेतल्या, तेव्हा विक्रेत्याने विचारले, "बाई, कुलूप कसलं लावणार?" घरची कुलपे आहेत म्हटल्यावर तो म्हणाला, "ती विमानतळावर कापून टाकतात. हे अमेरिकेत मान्यता असलेलं कुलूप आहे, ह्याला कोण हात लावत नाही." कुलपावर लाल खूण आणि 'टीएसए००७' अशी अक्षरे होती. एकाचे १,४५० याप्रमाणे दोन कुलपांचे २,९०० रुपये झाले. त्याशिवाय प्रत्येक बॅगेमागे १,१९९ रुपयांचे 'सामान सुरक्षा हमी कार्ड' होते; बॅगेतून काही चोरीला गेले तर १ लाख रुपयांपर्यंत भरपाई मिळेल, असे त्यावर छापलेले होते. एकूण ५,२९८ रुपये मी फोनवरून दिले. कार्डांची पावती कंपनीकडून ईमेलवर येईल, असे त्याने सांगितले. ती आजतागायत आलेली नाही.

त्याने कुलूप दाखवताना ते जोरजोराने ओढून दाखवले, पण चेनला एकदाही हात लावला नाही. दुसऱ्या पाकिटातले कुलूपही त्याने पहिल्याच पाकिटातल्या किल्लीने उघडले, आणि ते पाहून मी म्हणाले, "बरं झालं, एकच किल्ली सांभाळावी लागेल." दोन वेगवेगळी कुलपे एकाच किल्लीने उघडतात, तेव्हा तशा किल्ल्या आणखी कितीजणांकडे असतील, हा प्रश्न चौथीतल्या मुलानेही विचारला असता. मी विचारला नाही.

जावयांनी नंतर समजावले ते असे. अमेरिकेतील विमानतळांवरच्या तपासणी अधिकाऱ्यांना (त्यांच्या खात्याचे नाव टीएसए) बॅग न फोडता उघडता यावी म्हणून २००३ पासून अशी कुलपे विकली जाऊ लागली. त्यांच्याकडे या कुलपांच्या सामाईक किल्ल्या असतात. त्या किल्ल्यांचे छायाचित्र २०१४ मध्ये तिथल्याच एका वर्तमानपत्रात छापले गेले आणि २०१५ मध्ये त्यावरून किल्ल्या बनवण्याचे आराखडे इंटरनेटवर पसरले. म्हणजे मुख्यतः अमेरिकेच्या प्रवासासाठी सोय म्हणून असलेली वस्तू मला दुबईसाठी, आणि तीही चोरापासून संरक्षण म्हणून, विकण्यात आली.

दागिने चेक-इनच्या बॅगेत ठेवलेच का, असे सगळेच विचारतात. बारशाला घालायला नेलेली १८ ग्रॅमची मोहनमाळ परतताना अंगावर घालून रात्रीच्या प्रवासात एकटीने विमानतळांवर वावरण्याची मला भीती वाटत होती. हातातल्या बॅगेला ७ किलोची मर्यादा होती आणि ती औषधांनी व बाळाच्या आजोबांसाठी दिलेल्या वस्तूंनी भरली होती. शिवाय विक्रेत्याने स्पष्ट शब्दांत सांगितले होते, "दागिने बिनघोर आत ठेवा, कार्ड आहे की." ते कार्ड नसते तर मी मोहनमाळ त्या बॅगेत ठेवली नसती, माझी खरी फसवणूक इथे झाली.

परतीच्या प्रवासात मुंबईला कस्टमसाठी बॅग ताब्यात घेऊन पुन्हा बेळगावच्या विमानासाठी द्यावी लागली. सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, पट्ट्यावर बॅग आली तेव्हा मी कुलूप पाहिले, ते शाबूत होते, आणि मी निर्धास्त झाले. त्या क्षणाचा मला आजही संताप येतो. मी चेनचे दोन्ही पुल (चेन ओढायच्या पट्ट्या) नेहमी उजव्या कोपऱ्यात, हँडलच्या बाजूला आणून कुलूप लावते, ही माझी जुनी सवय आहे. सांबऱ्याला कुलूप बॅगेच्या मधोमध होते. मला ते दिसले. वाहतुकीत सरकले असेल, असे मी मनाशी म्हटले आणि ढकलगाडी घेऊन बाहेर पडले. बॉलपेनचे टोक चेनच्या दातांमध्ये खुपसले की चेन फाकते, हवे ते काढून घेता येते आणि मग कुलूप लावलेले तेच दोन पुल बॅगेभोवती एकदा फिरवले की चेन पुन्हा बंद होते. कुलपाला ओरखडासुद्धा येत नाही. म्हणून पुल हँडलला किंवा बॅगेच्या कडीला घट्ट बांधा, आणि बॅग देण्यापूर्वी व मिळाल्यावर पुलांच्या जागेचा फोटो काढा.

घरी बॅग उघडली तेव्हा मोहनमाळ (२०१९ च्या पावतीप्रमाणे ६८,३०० रुपये), जावयांनी दिलेले घड्याळ (२२,४००) आणि सेंटच्या बाटल्या (६,८५०) नव्हत्या. एकूण ९७,५५० रुपये. विमान कंपनीने बॅगेला लावलेल्या कागदी पट्टीवर वजन २२.६ किलो छापलेले होते. गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत वजन केले तर २१.३ भरले. ती पट्टी कधीही फाडून टाकू नका.

कार्डावरच्या क्रमांकावर फोन केला. अत्यंत आदबीने बोलणाऱ्या माणसाने 'दावा नोंदणी शुल्क' म्हणून ४,७२० रुपये मागितले. अठरा टक्के कर धरून आकडा बरोबर जुळत होता, म्हणून माझा विश्वास बसला आणि मी पैसे भरले. दोन दिवसांनी त्याने परत मिळणारी अनामत म्हणून ९,४४० मागितले, तेव्हा माझे डोळे उघडले. १९३० या सायबर मदत क्रमांकावर मी त्यानंतर फोन केला. तो पहिल्या तासाभरात केला असता तर ४,७२० रुपये कदाचित अडवता आले असते.

यानंतर जे झाले त्याने चोरीपेक्षा अधिक त्रास दिला. विमान कंपनीच्या काउंटरवरच्या मुलाने विचारले, "कुलूप शाबूत आहे, मग चोरी कुठं झाली?" विमानतळाबाहेर पडण्यापूर्वी सामानाबाबतची तक्रार का लिहून दिली नाही, असे त्याने तीनदा ऐकवले, पण नुकसानीची तक्रार ७ दिवसांत लेखी देता येते, हे मात्र सांगितले नाही, ते मला मुलीने वाचून सांगितले आणि मी पाचव्या दिवशी पत्र दिले. उत्तरात दागिन्यांची जबाबदारी घेत नसल्याची तिकिटाची अट चिकटवून पाठवली होती. मौल्यवान सामानाची किंमत बॅग देतानाच जाहीर करून, जादा शुल्क भरून भरपाईची मर्यादा वाढवून मागता येते, हेही मला तेव्हाच कळले.

पोलीस ठाण्यात सांगितले, चोरी मुंबईत झाली असेल, तिकडे जा. मुंबईला फोन केला तर ते म्हणाले, दुबईत झाली असेल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी नोंदवून घ्यावा लागतो, हे मी छापील कागद दाखवून सांगितले, तेव्हा मला दोन तास बाकावर बसवून ठेवले. शेवटी जबाब कन्नडमध्ये लिहिला गेला. मी कन्नड बोलते, पण हाताने लिहिलेला सरकारी जबाब मला वाचता येत नाही. मराठीत वाचून दाखवा म्हटल्यावर, "सही करा बाई, सगळं बरोबर आहे," असे उत्तर मिळाले. मी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी भाच्याला बरोबर नेले, त्याने ओळ न् ओळ वाचली, आणि त्यात मोहनमाळेचा उल्लेखच नव्हता.

आता बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दिली आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात ती देता येते, त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. विक्रेता म्हणतो, असली कार्डे मी कधी विकलीच नाहीत. माझ्याजवळ एकच पुरावा आहे : त्याच्या दुकानाच्या खात्यात एकाच वेळी जमा झालेले ५,२९८ रुपये, ज्यात कुलपांचे २,९०० आणि दोन कार्डांचे २,३९८ तंतोतंत बसतात. त्या नोंदीच्या तीन छापील प्रती मी काढून ठेवल्या आहेत.