सँट्रो झिंगचा टायमिंग बेल्ट घरी बदलला: उन्हाळा, पावसाळा आणि कापसाच्या हंगामानंतरचा अनुभव

सँट्रो झिंगचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, पण विदर्भातल्या खेड्यापाड्यांत ही गाडी अजून भरपूर दिसते. बहुतेक गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातात आहेत आणि टायमिंग बेल्ट (इंजिनातला खालचा क्रँक शाफ्ट आणि व्हॉल्व्ह उघडणारा वरचा कॅम शाफ्ट यांना जोडणारा दातेरी रबरी पट्टा) शेवटचा कधी बदलला, हे कोणालाच सांगता येत नाही. या १.१ लिटर इंजिनात चालू गाडीत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात, म्हणजे हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवणं आलंच. घरी बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी छोटी पुली), क्रँकचं आणि कॅमचं सील (तेल बाहेर गळू न देणारं रबरी कडं) बदलून गाडी तिन्ही हंगामांत वापरली. मत स्पष्ट आहे: काम घरी होण्यासारखं आहे, पण नुसता बेल्ट बदलायचा असेल तर हात घालू नका.

गावातली गाडी वर्षभरात फार पळत नाही, त्यामुळे "अजून किलोमीटर कुठे झाले?" म्हणून बेल्ट तसाच राहतो. रबर मात्र वयानेही संपतं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, त्यात बॉनेटखालची उष्णता वेगळी. काढलेल्या बेल्टचे दात वरवर शाबूत दिसतील. तो हलकेच उलटा वाकवून दातांच्या मुळाशी बघा. तिथे बारीक भेगा असतील तर मीटरवरच्या आकड्याला काही अर्थ नाही.

सुटे भाग तालुक्याला मिळतीलच असं नाही. नागपूर, अमरावती किंवा अकोल्याहून मागवताना इंजिन नंबर सांगा आणि पाकिटावरची तारीख बघा. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला बेल्ट स्वस्त मिळाला तरी नको. टेन्शनर बोटांनी फिरवून पाहा. चांगला टेन्शनर थोडा जड, एकसारखा फिरतो. भिंगरीसारखा मोकळा फिरला किंवा खरखर लागली तर परत करा.

गाडी काँक्रीटवर घ्या. काळ्या मातीत जॅक खचतो, फळी टाकली तरी भरवसा नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. ड्रायव्हरकडचं पुढचं चाक काढण्याआधी क्रँक पुलीचा बोल्ट ढिला करून ठेवा: पाचवा गिअर, दुसऱ्याने ब्रेक घट्ट दाबलेला आणि गोटी पान्याला लांब पाइप. स्टार्टर मारून बोल्ट सोडवायची युक्ती काही जण सांगतात, ती करू नका. पाना उसळून हात मोडू शकतो. मग जॅक स्टँड लावा, ऑइल संपखाली (इंजिनच्या तळाच्या तेलाच्या भांड्याखाली) लाकडाचा ठोकळा ठेवून इंजिनला आधार द्या, इंजिन धरून ठेवणारं बाजूचं माउंट, बाहेरचे बेल्ट आणि कव्हर काढा.

जुना बेल्ट उतरवण्याआधीच क्रँक आणि कॅमच्या दातेरी पुल्यांवरच्या खुणा इंजिनवरच्या खुणांशी जुळवायच्या. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा फिरतो, त्यामुळे खालची खूण जुळली म्हणजे वरची जुळेलच असं नाही. दोन्ही जुळेपर्यंत क्रँक घड्याळाच्या दिशेने फिरवा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. क्रँकवरची पत्र्याची गाइड चकती कोणत्या तोंडाने बसली आहे, तेही फोटोत येऊ द्या. ती उलटी बसली तर बेल्टची कड खाते.

सील काढताना शाफ्टवर ओरखडा पडू देऊ नका. एका ओरखड्यावरून नवं सीलही गळतं. नव्या सीलच्या ओठाला थोडं इंजिन ऑइल लावा आणि त्याच मापाच्या पाइपच्या तुकड्याने चारही बाजूंनी सारखं ठोका. इथे कंटाळा करू नका. तेल लागलेलं रबर फुगतं, मऊ पडतं, आणि मग बेल्ट कोणत्या कंपनीचा घेतला याला महत्त्व राहत नाही.

वॉटर पंपाशी नीट हात पोचायचा तर तो याच वेळी, म्हणून त्याचा शाफ्ट हलवून बघा आणि खालच्या छिद्रापाशी कूलंटचे डाग शोधा. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथे जमिनीतलं पाणीच खारट तिथे, बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतायची सवय फार. त्या गाड्यांचे पंप आतून गंजलेले निघतात. पंप थोडाही हलत असेल तर बदलून टाका आणि पुढे कूलंटमध्ये डिस्टिल्ड पाणीच घाला.

नवा बेल्ट चढवताना टेन्शनर पंपाकडे ढकलून अडकवा. आधी क्रँक, मग कॅम, शेवटी टेन्शनर. टेन्शनर नसलेल्या बाजूला ढील अजिबात राहू नये. मग टेन्शनर सोडा, स्प्रिंगच हवा तेवढा ताण देते, हाताने जोर लावू नका. आधी खाचेतला बोल्ट आवळायचा, मग ज्यावर टेन्शनर फिरतो तो. क्रम उलटा झाला तर आवळताना टेन्शनर सोबत फिरतो आणि बेल्ट जास्त ताणला जातो. या बोल्टना २० ते २७ न्यूटन-मीटर, क्रँक पुलीला १४० ते १५०. टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते मोजणारा) नसेल तर भाड्याने आणा. आता क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा बघा. मध्येच कडक अडलं तर जोर करू नका, टायमिंग चुकलं आहे. एक दात जरी इकडे-तिकडे झाला तरी गाडी सुरू होईल, पण पिकअप जाईल आणि आयडलिंग डळमळेल.

वापरात काय दिसलं? मायलेज वाढलं नाही, वाढायचं कारणही नव्हतं. थंड इंजिनवरची जुनी घरघर गेली, ती टेन्शनरच्या बेअरिंगची होती. जास्त ताणलेला बेल्ट शिट्टीसारखा आवाज करतो, ढिला कव्हरला फटफट लागतो. दोन्ही ऐकू आलं नाही.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. पांदण रस्त्यावरचा चिकट गाळ चाकाआडून थेट क्रँक पुलीवर उडतो. तिथलं प्लास्टिकचं शिल्ड जुन्या गाड्यांत बहुधा तुटलेलं किंवा गायब असतं. ते नवं बसवलं आणि खालच्या कव्हरच्या कडेची रबरी पट्टीही बदलली. पावसाळ्यानंतर वरचं कव्हर उघडलं तेव्हा आत बारीक कोरडी धूळ होती, गाळ नाही. बेल्टच्या कडा साफ, तेलाचा ओलावा नाही, रबराचा काळा भुगाही नाही. हे शिल्ड नसेल तर खडा बेल्ट आणि पुलीच्या मध्ये जाऊन दात सुटू शकतो.

कापसाच्या दिवसांत वेगळीच कटकट. गोदामाशेजारी गाडी उभी राहिली की उंदीर बॉनेटखाली कापसाचं घर करतात आणि वायरी कुरतडतात. वरच्या कव्हरचा एखादा बोल्ट कमी असेल तर त्या फटीतून तंतू आत जातात. कव्हरचे सगळे १० नंबरचे बोल्ट परत लागले ना, हे मोजूनच बॉनेट लावा. बदलल्याची तारीख आणि मीटरचा आकडा रंगाने कव्हरवर लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या मालकाला अंदाजावर राहावं लागणार नाही.