यम चा हॉल की डंपलिंग हाउस : सिडनीत कुठे जेवावे?

सिडनीत चिनी जेवणासाठी बाहेर पडायचे ठरले की बहुतेक वेळा दोन पर्याय पुढे येतात. एक म्हणजे हेमार्केट, चॅट्सवुड, हर्स्टव्हिल अशा भागांतले कँटोनीज पद्धतीचे यम चा (म्हणजे चहासोबत लहान लहान पदार्थ खाण्याचे) हॉल, आणि दुसरा म्हणजे ॲशफिल्ड, बरवुड, ईस्टवुड किंवा हेमार्केटच्याच गल्ल्यांमधली शांघायी आणि उत्तर चिनी पद्धतीची डंपलिंग हाउसेस (डंपलिंग म्हणजे पिठाच्या पारीत सारण भरून केलेला पदार्थ). दोन्हीकडे बांबूच्या टोपल्या आणि वाफाळते पदार्थ दिसत असल्याने ती एकाच जातीची ठिकाणे आहेत असा अनेकांचा समज होतो, आणि मग चार शाकाहारी पाहुण्यांना घेऊन माणसे नको त्या ठिकाणी जाऊन बसतात. प्रत्यक्षात दोहोंचा प्रांत वेगळा, जेवणाची वेळ वेगळी, मागवण्याची रीत वेगळी आणि बिल वाढण्याची तऱ्हाही वेगळी. माझ्या मते चवीचा विचार करण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात : टेबलावर किती माणसे बसणार आहेत, आणि त्यांपैकी कोण काय खात नाही.

यम चा ही ग्वांगडोंग प्रांत आणि हाँगकाँग येथील सकाळच्या चहाची रीत आहे, आणि तिच्यात चहा नावापुरता नसतो. बसल्याबरोबर कोणता चहा हवा हे विचारले जाते. त्यावर पु-अर, मोगऱ्याचा वास दिलेला चहा, टिएग्वानयिन हा उलाँग चहा किंवा शेवंतीची फुले घातलेला पु-अर यांपैकी एक सांगायचा असतो, आणि त्याचे पैसे माणशी लागतात. दूध-साखरेची अपेक्षा अर्थातच ठेवू नये. तळलेल्या आणि चरबीयुक्त पदार्थांसोबत गडद, मातकट वासाचा पु-अर फार चांगला जमतो, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याने तोच मागवावा असे मी सुचवीन. किटली रिकामी झाली की तिचे झाकण तिरके करून ठेवायचे, वाढणाऱ्याला न बोलवता कळते. आणि कोणी आपल्या पेल्यात चहा ओतला तर टेबलावर दोन बोटांनी हलके टकटक केले की आभार पोहोचतात.

पदार्थ ट्रॉलीतून येतात, किंवा निदान पूर्वी येत असत. ट्रॉली ढकलणारी बाई टेबलाशी थांबते, टोपलीचे झाकण उचलून आतला पदार्थ दाखवते, आपण मान डोलावली की टोपली टेबलावर ठेवते आणि कार्डावर शिक्का मारून पुढे जाते. पदार्थांची वर्गवारी लहान, मध्यम, मोठा आणि खास अशी असते आणि त्यानुसार दर ठरतो. ही व्यवस्था चालवायला मोठी जागा, मोठे स्वयंपाकघर आणि पुष्कळ माणसे लागतात, म्हणूनच ती आता कमी होत चालली आहे. जॉर्ज स्ट्रीटवरचे मॅरिगोल्ड हे शेकडो माणसे एका वेळी बसवणारे जुने यम चा रेस्टॉरंट २०२१ च्या अखेरीस बंद झाले, आणि उरलेल्यांपैकी बऱ्याच ठिकाणी आता कागदावर खुणा करून किंवा मोबाइलवर कोड स्कॅन करून मागणी द्यावी लागते. कागदी पद्धतीत पदार्थ ताजा आणि गरम येतो हे मान्य करूनही, मुलांना किंवा आईवडिलांना पहिल्यांदा यम चा दाखवायचा असेल तर ट्रॉली अजून फिरते की नाही हे आधी फोन करून विचारून घ्यावे, कारण ट्रॉली नसेल तर यम चाची निम्मी गंमत गेली.

डंपलिंग हाउसचा कारभार याच्या उलट आहे. ॲशफिल्डच्या लिव्हरपूल रोडवर स्टेशनपासून चालत जाताना अशी दुकाने ओळीने लागतात; शांघायहून आलेल्या लोकांची वस्ती तिथे वाढली आणि तिच्यासोबत ही दुकानेही. जागा लहान, टेबले एकमेकांना खेटलेली, भिंतीवर नाहीतर मेनूत प्रत्येक पदार्थाचे छायाचित्र आणि शेजारी स्पष्ट लिहिलेली किंमत. काही ठिकाणी काचेआड बसून दोन-तीन जणी दिवसभर पाऱ्या लाटत आणि भरत असतात. टेबलावर चहाची किटली असेलच असे नाही, पण काळ्या व्हिनेगरची बाटली आणि मिरचीचे तेल हमखास असते. दुपारचे जेवण असो की रात्रीचे, ही दुकाने चालू असतात, तर यम चा साधारण सकाळी दहा-अकराला सुरू होऊन दुपारी तीनच्या सुमारास आटोपतो. ज्यांना संध्याकाळचीच सवड आहे त्यांचा निर्णय इथेच झाला.

पदार्थांतला खरा फरक पारीत आहे. यम चातील हार गाव या कोळंबीच्या डंपलिंगची पारी गव्हाच्या सत्त्वाची आणि टॅपिओका स्टार्चची असते आणि तिचे पीठ उकळत्या पाण्यात भिजवतात. उकडीच्या मोदकाची उकड काढणाऱ्या हाताला ही रीत लगेच ओळखीची वाटेल. अशी पारी वाफवल्यावर पारदर्शक होते आणि आतल्या कोळंबीचा गुलाबी रंग बाहेरून दिसतो. हार गाव चांगला आहे की नाही हे तोंडात घालण्याआधीच कळते : चॉपस्टिकने उचलताना पारी फाटली नाही, खालच्या कागदाला चिकटून राहिली नाही आणि कळ्या एकसारख्या असल्या, तर त्या स्वयंपाकघरावर विश्वास ठेवायला हरकत नाही. कोळंबी दाताखाली कुरकुरली पाहिजे. ती मऊ, पिठूळ लागली तर बाकीच्या टोपल्या बेतानेच मागवाव्यात. सिउ माय हे उघड्या तोंडाचे डंपलिंग, चार सिउ बाव हा भाजलेले डुकराचे मांस भरलेला वाफवलेला पाव, तांदळाच्या पातळ घावनासारख्या थरात गुंडाळलेला चेउंग फन, कमळाच्या पानात वाफवलेला चिकट भात आणि शेवटी अंड्याचे टार्ट, असा इथला विस्तार मोठा आहे, आणि एका बैठकीत अनेक पोतांचे पदार्थ चाखण्याची सोय डंपलिंग हाउसमध्ये नाही.

डंपलिंग हाउसमध्ये मैद्याचे राज्य असते. उत्तरेकडचे उकडलेले जिआओझ, एका बाजूने तव्यावर खरपूस केलेले पॉटस्टिकर, जाड पारीचे आणि तळ कुरकुरीत असलेले शेंगजियानबाओ, आणि शांघायजवळच्या नानश्यांगशी नाव जोडले गेलेले शियाओलोंगबाओ. या शेवटच्या प्रकारासाठीच बहुतेक लोक येतात. डुकराच्या कातडीचा दाट रस थंड झाल्यावर थिजतो, त्या जेलीचे बारीक तुकडे सारणात मिसळतात, आणि वाफेवर ते वितळून पारीच्या आत रस्सा तयार होतो. खाताना घाई करू नये. वरची गाठ चॉपस्टिकने अलगद धरून डंपलिंग चमच्यात घ्यावे, बाजूला लहानसे भोक पाडून आधी रस्सा ओढावा, मग आल्याचे तंतू आणि थोडे व्हिनेगर घालून उरलेले एका घासात संपवावे. अख्खे एकदम तोंडात टाकणाऱ्याची जीभ भाजते, आणि उचलताना पारी फोडणाऱ्याचा रस्सा टोपलीत सांडून जातो. दिन ताई फंग या तैवानी साखळीने हा पदार्थ जगभर पोहोचवला. तैपेईतले हे दुकान १९५८ साली खाद्यतेल विकण्यासाठी सुरू झाले होते, १९७२ पासून तिथे शियाओलोंगबाओ मिळू लागले, आणि आज त्यांच्या प्रत्येक नगाला १८ चुण्या घालण्याचा दंडक प्रसिद्ध आहे. सिडनीत त्यांची पहिली शाखा २००८ मध्ये वर्ल्ड स्क्वेअरला उघडली. तिथली पारी पातळ आणि काम फार नेटके असते. परंतु तेवढेच पैसे ॲशफिल्डमध्ये खर्च केले तर पोट अधिक भरते, आणि पारी थोडी जाड असली तरी रस्सा कमी नसतो.

आता माणसांचा प्रश्न. यम चाच्या एका टोपलीत साधारणपणे तीन किंवा चार नग असतात. दोघे जण गेले तर चार टोपल्यांतच पोट भरते आणि विस्तार पाहायचा राहून जातो. आठ-दहा जण गोल टेबलावर, मधल्या फिरत्या चकतीभोवती बसले तर पंधरा-वीस पदार्थ सहज होतात आणि कोणालाच एखादा नावडता पदार्थ संपवण्याची सक्ती राहत नाही. लहान मुले असतील तर यम चा आणखी सोयीचा ठरतो, कारण बसल्यापासून पाच मिनिटांत काहीतरी टेबलावर येते आणि हॉलमधल्या गलबल्यात मुलांचा दंगा कोणाच्या लक्षातही येत नाही. दोघे ते चौघे असतील तर मात्र डंपलिंग हाउसच बरे. तिथे एका ताटलीत बहुधा आठ ते पंधरा नग येतात, दोन ताटल्या डंपलिंग, एक काकडीची लसणी कोशिंबीर आणि एक नूडल्स एवढ्यात जेवण पूर्ण होते, आणि टेबल लगेच मिळते. दहा माणसांना घेऊन अशा दुकानात शनिवारी रात्री गेलात तर तीन वेगवेगळ्या टेबलांवर विखरून बसण्याची तयारी ठेवावी.

काय खात नाही, हा प्रश्न मराठी मंडळींच्या बाबतीत सर्वांत नाजूक असतो, म्हणून तो नीट पाहिला पाहिजे. कोंबडी आणि मासे चालतात पण डुक्कर आणि गाय चालत नाही, अशांचे यम चात ठीक जमते : कोळंबीचा चेउंग फन, मीठ-मिरीचे तळलेले स्क्विड, कोंबडीचे पाय असे पुरेसे काही सापडते. पण सिउ मायमध्ये डुकराचे मांस असते, हार गावच्या सारणात डुकराची चरबी घालण्याची रीत आहे, कमळाच्या पानातल्या भातात कोंबडीबरोबर डुकराचे सॉसेज येऊ शकते आणि वाफवलेले गोळे गोमांसाचे असतात, त्यामुळे धावत्या ट्रॉलीला विचारत बसावे लागते. अशा लोकांनी शियाओलोंगबाओच्या मोहात पडू नये. खेकड्याचे म्हणून जे मिळतात त्यांतही बहुधा डुकराचे सारण असते, आणि रस्सा तर त्याच कातडीचा. त्यांच्यासाठी डंपलिंग हाउसमध्ये कोंबडीचे पॉटस्टिकर किंवा उत्तरेकडचे मेंढीच्या मांसाचे जिआओझ हा जास्त निर्धोक मार्ग आहे, कारण तिथे मेनूवर सारणाचे नाव लिहिलेले असते.

शाकाहारी माणसाला यम चा हॉल जवळजवळ निरुपयोगी आहे, हे स्पष्ट सांगितलेले बरे. मुळ्याचा केक नावावरून निर्धोक वाटतो, पण त्यात सॉसेजचे तुकडे आणि वाळवलेली कोळंबी, म्हणजे आपले सोडेच असतात. हिरव्या पालेभाजीवर ऑयस्टर सॉस ओतलेला असतो. खुसखुशीत पापुद्र्यांच्या पदार्थांत डुकराची चरबी असू शकते. आंब्याच्या पुडिंगमध्येही बहुधा जिलेटिन असते. उरतात ते भाजीचे एक-दोन प्रकार आणि तिळाचे तळलेले गोड गोळे. डंपलिंग हाउसमध्ये कोबी, मशरूम, टोफू यांच्या सारणाची डंपलिंग, अंडे आणि लसणी पात घातलेली डंपलिंग (अंडे चालत असेल तर), कांद्याच्या पातीचा पराठ्यासारखा पॅनकेक एवढे तरी ठरावीक मिळते. मात्र उकडलेली सगळी डंपलिंग बहुधा एकाच पातेल्यातल्या पाण्यातून निघतात, तेव्हा ज्यांना भांड्याचाही विटाळ चालत नाही त्यांनी दोन्ही ठिकाणे सोडून कुक अँड फिलिप पार्कजवळच्या बोधी या पूर्णपणे वनस्पतिजन्य यम चा देणाऱ्या रेस्टॉरंटचा विचार करावा. सासूबाई कडक शाकाहारी आणि नातवाला डंपलिंग हवीत, अशा घरांची अडचण तिथे सुटते, फक्त जागा आधी राखून ठेवावी.

तिखटाबाबत थोडक्यात. कँटोनीज स्वयंपाक मुद्दाम सौम्य असतो, आणि गाडीवरच्या चायनीजवर वाढलेल्या जिभेला यम चा सुरुवातीला अळणी वाटण्याची शक्यता आहे. डंपलिंग हाउसमध्ये मिरचीच्या तेलात बुडवलेले सेचवानी वाँटन (पातळ पारीची डंपलिंग) बहुतेक ठिकाणी मिळतात आणि ते पहिल्याच भेटीत आवडतात.

बिलाच्या बाबतीत यम चात सावध राहावे लागते. एकेक टोपली स्वस्त वाटते, पण कार्डावरचे शिक्के कोणी मोजत नाही. शिवाय माणशी चहा आणि बऱ्याच ठिकाणी रविवार किंवा सार्वजनिक सुट्टीचा टक्केवारीने लागणारा अधिभार वर येतो. हा अधिभार मेनूवर लिहिलेला असतो, तो वाचण्याची तसदी घ्यावी. ट्रॉलीबाहेर ताटात मिरवत आणले जाणारे भाजलेले बदक किंवा मोठे तळलेले समुद्री पदार्थ किंमत विचारल्याशिवाय घेऊ नयेत, कारण बिल तिथेच फुगते. डंपलिंग हाउसमध्ये मागवतानाच बेरीज करता येते. टिप देण्याचे बंधन दोन्हीकडे नाही.

वेळेचे गणित यम चासाठीच महत्त्वाचे आहे. सकाळी साडेदहा-अकराला पोहोचले तर टोपल्या सलग आणि गरम येतात. साडेबाराला दाराशी नंबर घेऊन उभे राहावे लागते. आणि दोननंतर ट्रॉलीत जे उरते ते बऱ्याच फेऱ्या मारून आलेले असते. पॅरामाटा, वेस्टमेड किंवा वेंटवर्थव्हिलकडून येणाऱ्यांनी घरातून उशिरा निघणे झालेच, तर हेमार्केटचा बेत रद्द करून वाटेतच ॲशफिल्डला वळावे आणि पॉटस्टिकर मागवावेत. मोठ्या गटाचा यम चा मग पुढच्या रविवारी, टेबल सांगून, अकराच्या आत.