तारखांचा सराव कशावर करावा: एसक्यूलाइट की पोस्टग्रेस?

एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) शिकताना सिलेक्ट आणि जॉइन हातात बसले, आता मजकूर आणि तारखांची फंक्शन्स घोटायची आहेत. एसक्यूलाइट आणि पोस्टग्रेस हे दोन डेटाबेस. अशा वळणावर मी आधी एसक्यूलाइट धरलं. एकच फाइल, ना सर्व्हर ना पासवर्ड. जुन्या लॅपटॉपवर पाच मिनिटांत कामाला लागलो.

पुस्तकातल्या एम्प्लॉयी टेबलचा कंटाळा आला होता, म्हणून सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब घेतला. सभासदाचं नाव, 'ब-२०४' असा फ्लॅट आणि एक्सेलमधून आलेली '३१/०३/२०२४' अशी तारीख.

मजकुराच्या बाबतीत दोघांत फार डावं-उजवं नाही. फ्लॅटचा आकडा सुटा करायला पोस्टग्रेसमध्ये स्प्लिट-पार्ट आहे. एसक्यूलाइटमध्ये इन्स्ट्रने डॅश शोधा, मग सबस्ट्रने कापा. शिकणाऱ्याला दुसरी वाटच बरी, असं मला वाटतं. (गंमत म्हणून 'पुणे'ची लेंग्थ काढून बघा. दोन्हीकडे ४ येते, कारण उकार आणि मात्रा वेगळ्या मोजल्या जातात.)

घोडं अडलं तारखांवर. एसक्यूलाइटमध्ये तारीख असा स्वतंत्र प्रकारच नाही. आपली दिवस-महिना-वर्ष अशी तारीख डेट फंक्शनला दिली, की ते एरर देत नाही, गुपचूप नल (म्हणजे रिकामी किंमत) देतं, आणि नलशी तुलना केली की ती ओळ गळते. मुदतीनंतर पैसे भरणारे कोण, असं विचारलं तर उत्तर आलं शून्य ओळी. म्हणजे अख्खी सोसायटी वेळेवर पैसे भरते! आमची सोसायटी मला माहीत आहे, म्हणून तरी शंका आली. चूक सापडेपर्यंत दोन संध्याकाळी गेल्या. तोच हिशेब पोस्टग्रेसमध्ये घातल्यावर पहिल्याच ओळीला एरर आली आणि खाली डेटस्टाइल (तारखेचा क्रम ठरवणारं सेटिंग) बघा अशी सूचनाही. मजकुराची तारीख करणाऱ्या टू-डेट फंक्शनला दिवस-महिना-वर्ष असा साचा दिला आणि सात जण निघाले, त्यांत मीही होतो.

पोस्टग्रेस धुतल्या तांदळाचं आहे असं नाही. मूळ सेटिंगमध्ये ते महिना आधी वाचतं, त्यामुळे '०५/०४/२०२४' म्हणजे ५ एप्रिल न धरता बिनबोभाट ४ मे धरतं. साचा लिहायची सवय हवीच. पण ३१ जानेवारी २०२४ मध्ये एक महिना मिळवला तर ते २९ फेब्रुवारी देतं. एसक्यूलाइट थेट २ मार्चला पोचतं. मेंटेनन्सच्या हिशेबात मला पहिलं उत्तर हवं होतं.

ऑफिसच्या लॅपटॉपवर काही इन्स्टॉल करायला मनाई असेल, तर एसक्यूलाइटवरही भागेल. फक्त डेटा आत घेतल्याबरोबर सबस्ट्रने तारखा उलटून वर्ष पुढे आणा, आणि डेट लावून किती नल येतात ते मोजा. तारखेतून हवा तो भाग काढणाऱ्या स्ट्रफटाइम फंक्शनमध्ये लहान एम म्हणजे महिना, मोठा एम म्हणजे मिनिटं. सगळीकडे ०० दिसलं तर आधी तिथे बघा.