मराठी नावांच्या फायली लिनक्सवर नेताना: शेल लूप, रीनेम की कॉन्व्हएमव्ही?

मॅक किंवा विंडोजवर साठलेल्या फायली लिनक्सच्या सर्व्हरवर न्यायच्या आणि नावं एकाच पद्धतीत बसवायची, तर चार मार्ग हाताशी असतात: शेलमधला (आज्ञा टाइप करायच्या खिडकीतला) एकेक फाइल घेणारा साधा लूप, नावातला मजकूर बदलणारं रीनेम, नावातल्या अक्षरांचं रूप बदलणारं कॉन्व्हएमव्ही आणि नावांची यादी एडिटरमध्ये उघडणारं व्हिडिर. कोणता घ्यायचा हे फायली किती आहेत यापेक्षा नावांत नेमकं काय बिघडलंय यावर ठरतं. नावं मराठीत असतील तर माझं मत स्पष्ट आहे: सुरुवात कॉन्व्हएमव्हीपासूनच करा.

कारण ‘ऱ’. ‘दुसऱ्या सत्राचे निकाल’ या नावातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत) एकसंध अक्षर म्हणून लिहिता येतो, किंवा साधा ‘र’ आणि त्यापुढे नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) असा सुटाही लिहिता येतो. डोळ्यांना फरक कळत नाही. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल सिस्टम नावं सुटी करूनच साठवायची. २०१७ मध्ये आलेली एपीएफएस दिलेलं रूप तसंच ठेवते, पण शोधताना दोन्ही रूपं एकच धरते. लिनक्स मात्र फक्त बाइट, म्हणजे नाव ज्या आकड्यांत साठवलंय ते, बघतं. म्हणून मॅकवरून आलेली फाइल यादीत दिसते, आणि तेच नाव हाताने टाइप केलं की ‘अशी फाइल नाही’ असं उत्तर येतं. एकाच फोल्डरमध्ये हुबेहूब एकाच नावाच्या दोन फायली बसलेल्याही सापडतात.

कॉन्व्हएमव्हीला एनएफसी (युनिकोडमधलं एकसंध रूप) हा पर्याय दिला की सगळी नावं एकसंध रूपात येतात. मला त्याची सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे नुसतं चालवलं तर ते काहीच बदलत नाही, काय बदलेल एवढंच दाखवतं. नोटेस्ट हा पर्याय जोडला तरच खरा बदल होतो. ते लिनक्सच्या बाजूला चालवा. एचएफएस प्लसच्या डिस्कवर नाव पुन्हा सुटंच होईल. एक जागा मात्र त्याच्या आवाक्याबाहेर राहते. काही कीबोर्ड हाच ‘ऱ्या’ साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून लिहितात. युनिकोडच्या नियमांत हे रूप वेगळं असल्यामुळे कॉन्व्हएमव्ही त्याला हात लावत नाही.

तिथे रीनेम कामाला येतं. ‘हे दिसलं की त्याच्या जागी ते घाल’ या प्रकारच्या कामांत पर्लवालं (पर्ल या भाषेत लिहिलेलं) रीनेम सर्वांत सोयीचं: स्पेसच्या जागी अंडरस्कोर, तारखेचा क्रम उलटा करणं, विंडोजला न चालणारे कोलन, प्रश्नचिन्ह, तारा काढून टाकणं. पण सावध राहा, रीनेम नावाची दोन वेगवेगळी साधनं आहेत. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर सहसा पर्लचं मिळतं, फेडोरा आणि आर्चवर युटिल-लिनक्स या संचातलं. दुसऱ्याला रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराचा नमुना सांगायची पद्धत) कळत नाही, आणि सांगितलं नाही तर ते आधीच्या फाइलवर बेधडक लिहितं. पर्लचं तसं करत नाही. दोन्हींत आधी एन पर्यायाने कोरडी फेरी, म्हणजे काही न बदलता चाचणी, घ्या.

इंटरनेटवरून उचललेला ‘रोमन अक्षरं आणि आकडे सोडून सगळ्याचा अंडरस्कोर करा’ हा नियम मराठी नावांवर कधीही चालवू नका. सगळं नाव पुसलं जातं, आणि सारख्या लांबीची दोन नावं एकमेकींवर आदळतात.

शेल लूप कुठेही चालतो, काही बसवावं लागत नाही. म्हणून सर्व्हरवर नवं काही टाकायची परवानगी नसेल तर तोच घ्या, पण जबाबदारी पूर्णपणे तुमची. एमव्हीला (नाव बदलणाऱ्या आज्ञेला) एन पर्याय द्यायचा म्हणजे जुनी फाइल चिरडली जात नाही, फाइलचं नाव धरणाऱ्या चलाच्या भोवती दुहेरी अवतरण हवंच, आणि आतल्या फायली आधी, मग फोल्डर असा क्रम ठेवायचा. मॅकवरचा बॅश (शेलचा एक प्रकार) अजून ३.२ आवृत्तीचा आहे. नाव स्मॉल अक्षरांत आणायची बॅश ४ मधली सोपी युक्ती त्यात नाही.

एका कामात मात्र लूप इतरांच्या पुढे आहे, ते म्हणजे लांबी तपासणं. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टमवर नाव २५५ बाइटांपर्यंतच चालतं आणि यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड बाइटांत साठवायच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. विंडोजच्या एनटीएफएसवर २५५ चिन्हं मावत असल्यामुळे तिथली लांब मराठी नावं इथे कॉपीच होत नाहीत. लोकॅल (भाषेची सेटिंग) सी ठेवून लूपमध्ये लांबी बाइटांत मोजली की अशी नावं आधीच वेगळी काढता येतात. ती कशी छोटी करायची हे माणसानेच ठरवावं. नावं पन्नास-शंभर असतील तर व्हिडिर उघडा: फोल्डरची यादी नेहमीच्या एडिटरमध्ये येते, ओळ बदलून सेव्ह केलं की नाव बदलतं.

फायलींची ये-जा रोजची असेल तर मात्र दर वेळी नावं बदलत बसू नका. फायली दुसऱ्या संगणकाशी जुळवून ठेवणाऱ्या आरसिंकच्या ३.० पासूनच्या आवृत्त्यांत आयकॉन्व्ह हा पर्याय आहे; मॅकवरून पाठवताना तिकडचं यूटीएफ-८-मॅक आणि इकडचं यूटीएफ-८ सांगितलं की रूपांतर वाटेतच होतं. त्यासाठी मॅकवर आरसिंक वेगळं बसवावं लागेल.