मेढ्याचा पाऊस, लाल चिखल आणि गाडीच्या फूटमॅट

"मॅडम, गाडीत कुबट वास येतोय हो," असं मागच्या जुलैमध्ये आमच्या शाळेतल्या मॅडम मागच्या सीटवरून म्हणाल्या आणि मला एकदम वाईट वाटलं, कारण वास मलाही येत होता पण मी रोज परफ्यूमची बाटली बदलून वेळ मारून नेत होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, शाळा मेढ्याच्या पुढे केळघरच्या अंगाला, आणि साताऱ्यातून आम्ही चौघं रोज माझ्या स्विफ्टनं जातो येतो, पेट्रोल वाटून घेतो. आता साताऱ्यात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस आणि वर महाबळेश्वरला पाच हजाराच्या पुढे, आम्ही रोज सकाळी या पावसातून त्या पावसाकडे जातो. म्हणजे घरातून निघताना भुरभुर असते, मेढा मागे पडलं की वायपर फुल स्पीडला. चार माणसं, चार छत्र्या, आणि शाळेच्या गेटपाशी तो लाल चिखल, एकदा चपलेला बसला की दगडावर कितीही घासा, निघत नाही, तसाच गाडीत येतो.

तेव्हा गाडीत ७डी मॅट होत्या. टॅन कलर, लेदरसारखं चौकटी चौकटीचं शिवणकाम, सहा हजार मोजले होते आणि दिसायला खरंच छान दिसायच्या. दुकानदारानं सांगितलं होतं, "मॅडम वॉटरप्रूफ आहे, पाणी आत जायचा प्रश्नच नाही." वरचा थर वॉटरप्रूफ असतो हे खरं आहे, पण त्या प्रत्येक शिवणीला सुईची भोकं आहेत आणि खाली फोम आहे, हे कोण सांगत नाही. शिवाय मॅट दोन तुकडे जोडून केलेली असली की जोडावरून पाणी सरळ खाली. वरून हात फिरवला की कोरडी ठणठणीत, त्यामुळे महिनोन्महिने कळतच नाही.

मला कळलं ते गोडोलीतल्या कुशनवाल्या दादांकडे. वास कुठून येतोय बघा म्हणून गाडी नेली, त्यांनी दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी काढली, ड्रायव्हरकडचं कार्पेट कोपऱ्यातून वर उचललं आणि खालचा नमदा, म्हणजे कार्पेटखालचा जाड मऊ थर, नुसता मुठीत दाबला, तर त्यांच्या बोटांच्या फटीतून लालसर पाणी मनगटापर्यंत ओघळलं. पाऊस थांबून तीन दिवस झाले होते तरी! नमद्याखालच्या पत्र्याच्या जोडावर विटकरी रंगाची रेघ धरलेली, नखानं खरवडली तर पापुद्रा निघाला, आणि तिथूनच शेजारून टेप गुंडाळलेलं वायरिंग मागे जातं. दादा म्हणाले, "ताई, वेळेत आणली. अजून दोन पावसाळे असंच चाललं असतं तर पत्रा सडला असता, आणि या वायरिंगला पाणी लागलं की मग कुठला दिवा पेटतोय न् कुठला नाही, मेकॅनिकला पण सापडत नाही." सीटा काढून कार्पेट बाहेर घेतलं, चार दिवस पंख्याखाली वाळवलं, नमदा नवीन टाकला, गंज घासून प्रायमर मारला. ते चार दिवस आम्ही एसटीनं गेलो.

तेव्हाच दुसरी एक गोष्ट समजली. आमच्या गाडीच्या काचेवर आतून सारखी वाफ धरायची, एक जण फडकं घेऊन पुसायलाच बसलेला असायचा, मला वाटायचं चार माणसांच्या श्वासामुळे होतंय. काही प्रमाणात ते असतंच, पण खाली ओला नमदा असला की गाडी गरम झाली की तेच पाणी हवेत येतं आणि थंड काचेवर बसतं. घाटात, धुक्यात, समोरून ट्रक येत असताना काच धुरकट होणं म्हणजे काय हे केळघर घाटात गाडी चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको. नमदा बदलल्यापासून एसी लावला की काच दोन मिनिटांत साफ होते, फडकं आता दाराच्या कप्प्यात पडून आहे.

आणि हो, तुमच्या गाडीत ओल असेल तर मॅटवर पैसे घालायच्या आधी एवढं बघा. पाऊस नसताना, नुसता एसी लावून फिरल्यावर ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या पायापाशी ओलं होत असेल तर मॅटचा संबंध नाही, एसीचा ड्रेन पाइप तुंबलेला असतो. गाडीखाली पाण्याचे थेंब पडायचे बंद झाले असतील तर नक्कीच तेच. ते काम छोटं आहे, आधी करून घ्या.

आता नवीन मॅटचं. साध्या सपाट रबरी मॅट मी गाडी घेतली तेव्हा वापरल्या होत्या, स्वस्त असतात, झटकल्या की झालं, पण त्यांना काठच नाही, पाणी घरंगळत कडेला जातं आणि कडेला कार्पेट असतंच. नूडल मॅट म्हणजे त्या गुंतवळीसारख्या, त्या दहिवडीला माझी मैत्रीण वापरते आणि तिच्यासाठी अगदी बरोबर आहेत, माण तालुक्यात धूळच जास्त, धूळ त्या गुंत्यात खाली बसते आणि वर पाय स्वच्छ राहतो, आठवड्यातून एकदा उलटी करून आपटली की मोकळी. पण आमच्या चिखलाला ती नको, लाल माती त्या वेटोळ्यात जाऊन बसली की पाइपानं धुवा नाहीतर ब्रशनं, आणि जुलैमध्ये वाळायला दोन दोन दिवस.

राहिल्या टीपीईच्या ट्रेसारख्या मॅट. टीपीई म्हणजे रबरासारखं लवचीक पण प्लास्टिकसारखं साच्यात ओतता येणारं मटेरियल, थंडीत कडक होत नाही आणि उन्हात पीव्हीसीसारखा वास मारत नाही. या मॅट बर्फाच्या देशांत जास्त चालतात कारण तिकडे बुटाला लागलेला बर्फ गाडीत वितळतो, त्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ मिसळलेलं असतं आणि त्यानं पत्रा फार लवकर गंजतो. आपल्याकडे मीठ नाही पण पाणी तेवढंच. सगळा खेळ काठाचा आहे बघा. परातीत पाणी का राहतं आणि पोळपाटावर का राहत नाही, तेवढंच. मी हायवेच्या बाजूच्या एका दुकानात गेले, माझ्या पर्समध्ये सहा इंची पट्टी असतेच, ती लावून दोन कंपन्यांचे काठ मोजले. एकाचा जेमतेम पाऊण इंच, दुसऱ्याचा बाहेरच्या बाजूला दोन इंचाच्या वर. फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. मग म्हटलं यात ग्लासभर पाणी ओतून दाखवा, तो पोरगा आधी बघतच राहिला, पण ओतलं त्यानं, आणि मॅट उचलून हलवली तरी मधल्या खाचांतून पाणी बाहेर आलं नाही. पाच हजार दोनशेला पूर्ण सेट दिला.

पैसे द्यायच्या आधी गाडीत बसवून बघा, हे मात्र सोडू नका. आणि स्विफ्ट म्हणून घेऊ नका, साल सांगून घ्या, माझी २०१८ ची आहे, त्याच्या आधीच्या मॉडेलची मॅट हिला बसत नाही. ड्रायव्हरकडचे हूक मॅटच्या भोकात बरोबर बसले पाहिजेत, मग क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण शेवटपर्यंत दाबून बघायचे, मॅटला कुठंही टेकता कामा नये. जुन्या मॅटवरच नवीन टाकायची तर अजिबात नाही, खूप जण असं करतात. २००९ मध्ये अमेरिकेत टोयोटानं याच कारणासाठी, ड्रायव्हरकडची मॅट सरकून अ‍ॅक्सिलरेटर अडकू शकतो म्हणून, सुमारे ३८ लाख गाड्यांचा रिकॉल काढला होता. घाटात उतारावर असं झालं तर काय, हा विचार करूनच मी हूक दोनदा ओढून बघितले.

या पावसाळ्यात जूनपासून वापरतेय. जुलैमध्ये एक दिवस असा आला की शाळा सुटायला आणि पाऊस वाढायला एकच गाठ पडली, चौघंही गुडघ्यापर्यंत भिजलो, ओल्या छत्र्या पायापाशीच ठेवल्या. घरी आल्यावर मागची मॅट काढली आणि दुधाच्या मापानं मोजलं, अर्धा लिटरला थोडं कमी पाणी निघालं, तळाला बोटभर लाल गाळ. हे सगळं आधी नमद्यात जात होतं, रोज. खाली कार्पेटवर हात दाबून बघितला, कोरडं.

तक्रारी आहेत. ओली असताना गुळगुळीत चपलेची टाच सरकते, मी आता गाडी चालवताना रबरी सँडल घालते. काही वॉशिंग सेंटरवाले चमक यावी म्हणून मॅटला पॉलिश मारतात, त्यांना आधीच नको म्हणून सांगा, पॉलिशवर पाय टिकत नाही, साधा साबण आणि ब्रश पुरतो. खाचांत माती अडकते, पाइपचा जोर लागतो. मॅट काढताना दाराकडची बाजू आधी वर उचलायची, नाहीतर पाणी उंबऱ्यावरून आतच सांडतं, पहिल्या दिवशी माझ्याकडून सांडलंच. दिसायला ७डीची सर नाही, काळं प्लास्टिक ते काळं प्लास्टिकच. आणि मागच्या सीटला दोन सुटे तुकडे देणारा सेट घेऊ नका, मधल्या उंचवट्यावर फट राहते आणि मधे बसणाऱ्याचे पाय तिथेच असतात, अख्खा एकसंध तुकडा मागा.

डिकी तेवढी राहिलीय. ओल्या छत्र्या आता तिकडे टाकायचं ठरलंय आणि तिथे अजून कंपनीचं पातळ कार्पेटच आहे, त्याच्या खाली स्टेपनी. दुकानदार म्हणाला माझ्या मॉडेलचा डिकी ट्रे पुढच्या आठवड्यात येईल, आला की पट्टी घेऊन जाते.